स्वभावाची पत्रिका : शास्त्र की करमणूक?

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी मांडवगण फराटा म्हणून गाव आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही तीरांवर उसाचे मळे. तेथून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबात सध्या दोन प्रश्न एकदम उभे राहिले आहेत. धाकट्या दिरांचा मुलगा दहावी उत्तीर्ण झाला. पुढची शाखा ठरविण्यासाठी त्याला शहरात एका ठिकाणी नेले. तेथे त्याच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन, आणि चांगली घसघशीत रक्कम घेऊन, चाळीस पानांचा रंगीत अहवाल हाती देण्यात आला. मुलाचा पिंड गणिताचा नाही, त्याने शास्त्रशाखेच्या वाटेस जाऊ नये, असे त्यात छापले आहे. दुसरा प्रश्न पुतणीच्या लग्नाचा. स्थळ उत्तम, पत्रिकाही जुळली. पण मुलाने मोबाइलवर सोडवावयाची एक स्वभावचाचणी पाठविली, आणि दोघांचे 'प्रकार' विरुद्ध निघाल्यामुळे बोलणी थबकली. घरातील वडीलधारी मंडळी पत्रिकेवर विसंबतात, तरुण मंडळी चाचणीवर. आणि दोन्ही पक्ष एकमेकांना अंधश्रद्धाळू म्हणतात. "ह्या चाचण्यांना शास्त्राचा काही आधार आहे, की हा नुसता खेळ?" असे भगिनींनी विचारले आहे.

प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून त्याचा विचार येथे थोड्या विस्ताराने करतो.

माणसांना स्वभावाच्या साच्यांत बसविण्याची हौस आजची नव्हे. आपल्याकडील पत्रिकेत 'गण' असतो, तो याच जातीचा. सत्तावीस नक्षत्रांपैकी नऊ देवगणाची, नऊ मनुष्यगणाची आणि नऊ राक्षसगणाची. गुणमेलनातील ३६ गुणांपैकी ६ गुण एकट्या गणाला आहेत. म्हणजे मूल जन्मतःच त्याच्या शीलाचा दाखला लिहून तयार! जगातील सुमारे एक तृतीयांश माणसे राक्षसगणी ठरतात, ह्याचे कोणाला काही वाटत नाही. पण आपल्या घरात येऊ घातलेल्या मुलीचा गण राक्षस निघाला म्हणजे मात्र कपाळाला आठ्या पडतात. बोटांवर शंख किती आणि चक्रे किती हे मोजून भविष्य सांगणाऱ्या आजीबाई तर प्रत्येक वाड्यात होत्या.

नव्या चाचण्यांत सर्वांत गाजलेली ती सोळा प्रकारांची. स्वित्झर्लंडमधील मनोविश्लेषक कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावांच्या प्रकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आधारे अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स ह्या मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक प्रश्नावली सिद्ध केली. दोघीही बुद्धिमान आणि चिकाटीच्या होत्या. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण मात्र दोघींनाही नव्हते. माणूस अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने चालणारा की भावनेने, अशा चार जोड्या. प्रत्येक जोडीतील एक बाजू घ्यावयाची. त्यांतून सोळा प्रकार होतात. आज मोबाइलवर फुकट सोडविल्या जाणाऱ्या बहुतेक चाचण्या ह्याच वेलीच्या फांद्या आहेत.

"पण आमचे वर्णन अगदी तंतोतंत जुळले!" असे वाचक म्हणतील. हे जुळणे कसे घडते, त्याचा उलगडा १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने फार गमतीने केला. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. ते कितपत जुळते याला ५ पैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी गुण ४ च्या वर पडले. मग उघड झाले की सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि तोही बव्हंशी बाजारातील एका भविष्याच्या पुस्तकातून उचललेला! असे वर्णन रचणे मुळीच अवघड नाही. "तुम्ही वरून कठोर दिसता, पण आतून हळव्या आहात. घरासाठी पुष्कळ करता, परंतु त्याची जाण ठेवली जात नाही. मनातले सगळेच तुम्ही बोलून दाखवीत नाही. संधी मिळाली असती तर तुमच्या हातून याहून मोठे काही घडले असते." हे वाचून कोणत्या सुनेला आपलेच वर्णन वाटणार नाही? आणि कोणत्या सासूला? जे सर्वांना लागू पडते ते कोणाचीच ओळख सांगत नाही. आणि चाचणीचा निकाल आपणास 'पटणे' हा त्या चाचणीच्या खरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही. फोररच्या प्रयोगाचा मथितार्थ एवढाच.

मग पुरावा कशाला म्हणावे? याचे उत्तम उदाहरण शोधावयास परदेशी जावे लागत नाही. पुण्याच्या 'आयुका' संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचे अध्वर्यू डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे ह्या चौघांनी मिळून २००८ साली पत्रिकेची परीक्षा घेतली. शाळांतून हुशार म्हणून गणलेल्या शंभर मुलांची आणि मतिमंद मुलांच्या शाळांतील शंभर मुलांची जन्मवेळ व जन्मस्थळे मिळविली. त्यांच्या पत्रिका मांडल्या, नावे काढून सांकेतिक क्रमांक घातले आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. प्रत्येकास चाळीस पत्रिका मिळणार. त्यांतील कोणती हुशार मुलाची व कोणती मतिमंद मुलाची, एवढेच ओळखावयाचे.

या रचनेतील चोखपणा वाचकांनी ध्यानी घ्यावा. बुद्धीतील इतका मोठा फरक पत्रिकेत दिसत नसेल, तर सूक्ष्म स्वभावभेद काय दिसणार? शिवाय उत्तरे दोनच असल्यामुळे, काहीही न पाहता छापा की काटा करीत गेले तरी निम्मी बरोबर यावयाची. ज्योतिषी त्याहून किती वर जातात ते पाहावयाचे होते. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागविल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. एकंदरीत सुमारे ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. सर्वांत यशस्वी ज्योतिषांची चाळीसपैकी चोवीस बरोबर होती. ज्योतिषाच्या एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर, ९८ चूक. म्हणजे नाणे उडविणारा मनुष्य आणि शास्त्र जाणणारा मनुष्य एकाच पायरीवर उभे राहिले. हा सारा वृत्तान्त २००९ साली 'करंट सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला आहे.

आमच्या मते ह्या प्रयोगाचे मोल पत्रिकेपुरते नाही. तरुणांनी हसून टाळ्या पिटण्यापूर्वी हाच माप आपल्या आवडत्या चाचणीस लावून पाहावा. जी विद्या चूक ठरण्याचा धोका पत्करते, तीच शास्त्र. संगणकावर तयार झालेला, रंगीत आकृत्या असलेला अहवाल केवळ तेवढ्याने पंचांगाहून अधिक शास्त्रीय होत नाही. कोणतीही चाचणी पुढे आली की तीन गोष्टी विचाराव्यात. एक : त्याच माणसाला महिन्याने पुन्हा तीच चाचणी दिली तर तेच उत्तर येते काय? दोन : त्या उत्तरावरून पुढे घडणारी, बाहेरून पडताळता येणारी एखादी गोष्ट नुसत्या तर्काहून अधिक चांगली सांगता येते काय? तीन : ती आपल्यासारख्या, आपल्या भाषेतल्या माणसांवर तपासून घेतली आहे काय?

सोळा प्रकारांची चाचणी पहिल्याच प्रश्नाशी अडखळते. थोड्या आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली असता पुष्कळांचा प्रकार बदलतो. काही पाहण्यांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत गेले आहे. कारण समजण्यास कठीण नाही. साडेपाच फुटांवर रेघ ओढून तिच्या वरचे 'उंच' व खालचे 'ठेंगू' असे दोनच वर्ग केले, तर रेघेच्या आसपासची बरीच माणसे अर्ध्या बोटाच्या फरकाने एका वर्गातून दुसऱ्यात जातील. स्वभावाचेही तसेच आहे. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख अशी माणसे थोडी. बहुतेक आपण मध्यावर वावरणारे. अशा मध्यावरच्या दोन माणसांची लग्नाची बोलणी ह्या रेघेवर मोडावी, हे गणावरून मोडण्याइतकेच दुर्दैवी. पुतणीच्या बाबतीत आमचे उत्तर हे आहे.

मानसशास्त्रज्ञांनी हा दोष ओळखून निराळा मार्ग धरला. १९३६ साली ऑलपोर्ट व ओडबर्ट ह्या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. पुढील कित्येक दशकांत निरनिराळ्या संशोधकांनी त्यांचे गट पाडून पाच मुख्य गुण काढले : बहिर्मुखता, सौजन्य, कामातील नेटकेपणा, मनाची अस्थिरता आणि नवीनाची ओढ. येथे कोणावर शिक्का नाही. प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात सर्वांत असतो, आणि तो किती हे मोजावयाचे. ह्या मोजमापाची उत्तरे बरीच स्थिर राहतात. नेटकेपणाचा अभ्यासातील व नोकरीतील यशाशी संबंध आहे, हेही वारंवार दिसून आले आहे. पण तो संबंध माफक आहे. हजार माणसांविषयी त्यावरून काही बोलता येते. एका विशिष्ट मुलाचे भवितव्य नव्हे. खरे शास्त्र किती नम्र असते ते येथे दिसावे.

आता बोटांच्या ठशांविषयी. ठशांची विद्या खरी आहे, आणि तिच्या उभारणीत हिंदी माणसांचा वाटा आहे. कलकत्त्यास १८९७ साली ठशांची कचेरी उघडली, तेव्हा त्यांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्या दोघा बंगाली अंमलदारांनी मोठे काम केले. परंतु ती विद्या हा मनुष्य कोण एवढेच सांगते. तो कसा आहे हे सांगत नाही. मूल पोटात असतानाच बोटांवरील रेषा उमटतात आणि जन्मभर तशाच राहतात. गणिताची गोडी मात्र चांगला शिक्षक भेटला की वाढते आणि वाईट भेटला की आटते. न बदलणाऱ्या रेषेने बदलणाऱ्या गोडीचा निकाल कसा द्यावा? हे अहवाल विकणारे हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताचा आधार सांगतात. तो सिद्धान्त १९८३ सालचा आहे, त्यात ठशांचा मागमूस नाही, आणि खुद्द गार्डनर यांनी असा संबंध नाकारला आहे. भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ साली ह्या चाचणीस शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. तेव्हा चाळीस पानांचा तो अहवाल म्हणजे आजीबाईंची शंख-चक्रेच; फरक एवढाच की आजीबाई पैसे घेत नसत. मुलाला गणित आवडत असेल तर त्याने खुशाल शास्त्रशाखेस जावे.

ह्यावरून सर्वच कसोट्या टाकाऊ असे कोणी समजू नये. आपल्या भाषेत ह्या कामाची परंपरा आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बांधल्या आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी प्रश्नांचे नुसते भाषांतर न करता ते इकडील मुलांना विचारून, कोणत्या वयाच्या मुलास काय येते हे पाहून मग माप ठरवावे लागते. असे कष्ट ज्या चाचणीमागे नाहीत ती आमच्या तिसऱ्या प्रश्नाशी नापास होते. पुण्यास १९६२ साली डॉ. वि. वि. पेंडसे यांनी स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीतही मानसशास्त्रीय कसोट्यांवर दीर्घकाळ काम झाले आहे.

सैन्यातील अधिकारी निवडण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. ती आपल्याकडे १९४३ पासून चालू आहे. उमेदवारास काही दिवस ठेवून घेतात; चित्रे दाखवून गोष्टी लिहवितात, मैदानावर गटाने कामे करावयास लावतात, प्रदीर्घ मुलाखत घेतात. मानसशास्त्रज्ञ, गटाचे काम पाहणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवितात व मग एकत्र बसतात. तरीही निवड न झालेल्यास पुन्हा येण्याची मुभा असते. ज्यांना माणूस पारखण्याची सर्वांत अधिक गरज, ते एका कागदावर भिस्त ठेवीत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' घेण्यात येत असे. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे ठेवून मुलाचा ओढा कोठे आहे हे पाहिले जाई. हेतू चांगला, निकाल कोणावर बंधनकारकही नव्हता. तरीही कल आणि कुवत ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि कल हा पाहिलेल्या गोष्टींतूनच घडतो. भीमाकाठच्या मुलाने उसाची लागण, पाण्याची पाळी आणि कारखान्याच्या तोडीची वाट पाहणारा बाप पाहिलेला असतो. भरतीची तयारी करणारे, पहाटे रस्त्याने धावणारे तरुण पाहिलेले असतात. चित्रकाराची खोली किंवा प्रयोगशाळा त्याने पाहिलेलीच नसते. त्याने शेतीस नको म्हटले, तर तो शेतीचा कंटाळा की बापाच्या ओढाताणीची धास्ती? चित्रकलेला नको म्हटले, तर ती नावड की अपरिचय? कागदास हे विचारता येत नाही. घरातील माणसांना येते.

आणि येथेच एकत्र कुटुंबाने स्वतःकडेही थोडे वळून पाहावे. आपल्या घरांतून अशा चाचण्या कागदाशिवाय रोज चालतात. "हा आत्यावर गेला, हट्टीच निघणार." "ती अभ्यासात मंद, स्वयंपाकात हुशार." "थोरला कर्ता, धाकटा उनाड." चार वर्षांच्या मुलावर मारलेला हा शिक्का चाळिशीपर्यंत पुसत नाही. धाकट्याने नेटाने काही केले तरी "आज कसे काय सुचले?" म्हणून विचारतात, आणि थोरल्याच्या हातून चूक झाली तर ती झाकून घेतात. घरातल्या मताची पुन्हा परीक्षा कोणी घेत नाही. ते चूक ठरण्याची वाटच बंद केलेली असते. वर ज्योतिषास व मोबाइलवरील चाचणीस जो दोष दिला, तोच हा दोष. उलट, एकत्र कुटुंबाजवळ जे ज्ञान असते ते कोणत्याही प्रश्नावलीजवळ नाही. मूल आजारपणात कसे वागते, हरल्यावर काय करते, पाहुण्यांसमोर आणि पाहुणे गेल्यावर त्याच्यात काय फरक पडतो, हे दहा जणांनी दहा बाजूंनी पाहिलेले असते. त्या दहा जणांनी आपापले मत आधी मनाशी ठरवून, मग एकत्र बसून बोलले, आणि वर्षा-दोन वर्षांनी ते पुन्हा तपासून घेतले, तर त्याहून चांगली पारख दुसरी नाही.

करमणुकीस आमची हरकत नाही. दिवाळीस सगळे जमतात, तेव्हा ह्या चाचण्या खुशाल सोडवाव्यात. त्या निमित्ताने एरवी न बोलणारे काकाही स्वतःविषयी दोन शब्द बोलतात, हा लाभ लहान नव्हे. त्याच वेळी एक लहानसा प्रयोगही करून पाहावा. सहा जणांनी एकच चाचणी सोडवावी. आलेल्या वर्णनांवरील नावे व प्रकार कापून टाकावेत, कागद मिसळावेत, आणि प्रत्येकाने सहाही वर्णने वाचून आपले कोणते ते गुपचूप लिहून द्यावे. नुसत्या अंदाजाने निवडले तरी सरासरीने एक जण बरोबर निघतो. माणसे सहा असोत की दहा, सरासरी एकच. एकाऐवजी चार-पाच जणांनी आपले वर्णन ओळखले, आणि दुसऱ्या सणालाही तसेच घडले, तर त्या चाचणीत काही तथ्य असू शकेल. एखाद-दुसराच ओळखू शकला, तर ती पत्त्यांच्या डावाशेजारी ठेवावी, आणि मुलांच्या शाखा व मुलींची लग्ने ठरविण्याच्या बैठकीत तिला जागा देऊ नये.

असा प्रयोग जे वाचक करतील त्यांनी किती जणांपैकी किती जणांनी आपले वर्णन ओळखले ते आम्हास अवश्य कळवावे. निकाल चाचणीच्या बाजूने लागला तरी तो आम्ही याच सदरात छापू.